सिद्धेश्वरची बारावी

मार्चअखेरचे ऊन काय असते ते मराठवाड्याला सांगावे लागत नाही. औंढा नागनाथला एसटीतून उतरलो तेव्हा साडेदहाच वाजले होते, तरी सिद्धेश्वरच्या गाडीची वाट पाहता पाहता आमची पाण्याची बाटली संपली. औंढ्याला येणारे बहुतेक प्रवासी ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला येतात. आमचे काम वेगळे होते. बारावीची परीक्षा देऊन नुकतीच मोकळी झालेली वस्तीतली पाच मुले आम्हाला भेटायची होती. "निकालानंतर पेढे खायला सगळेच येतात, तुम्ही निकालाआधी या," असा निरोप तिथल्या एका शिक्षकबंधूंनी धाडला होता आणि तो आम्हाला पटला.

सिद्धेश्वर म्हणजे धरण. पूर्णा नदीवर वर जिंतूर तालुक्यात येलदरी आणि त्याच्या खाली हे सिद्धेश्वर. दोन्ही १९६०च्या दशकातली. मातीची भिंत सहा किलोमीटरहून लांब आहे. एका टोकाला उभे राहिले तर दुसरे टोक उन्हात विरघळल्यासारखे दिसते. इथले पाणी कालव्याने वसमतकडे जाते, तिकडे ऊस आणि हळद पिकते. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. विहाराच्या ओट्यावर बसलेले एक आजोबा म्हणाले, "ह्या भिंतीची माती आमच्या डोक्यावरून गेली हाय." पाणी मात्र त्यांच्या डोक्यावरून नाही, बाजूने गेले. त्यांना शेतच नाही. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, आम्हीच तसे ऐकले.

विहारात निळ्या पताकांचे ढीग पडले होते. चौदा एप्रिल जवळ आलेला, लहान पोरे खळ लावून दोरीला पताका चिकटवत होती. त्रिसरण-पंचशील झाले आणि आमची पाच मुले ओळीने बसली. जणू तोंडी परीक्षाच. त्यांनी पहिल्यांदा अट घातली, "काका, नाव छापायचं ते निकालानंतर." अट आम्ही पाळली आहे.

वस्तीत सर्वांत जास्त बोलला तो विज्ञान शाखेचा मुलगा. त्याला भौतिकशास्त्र शिकायचे आहे. कारण विचारले तर त्याने बोट औंढ्याच्या दिशेने केले. तिकडे दुधाळा गावाजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटरची. त्यांतून लेसरचा किरण जायचा आणि परत यायचा, आणि अवकाशात कुठे दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली तर भुजांच्या लांबीत पडणारा फरक मोजायचा. हा फरक प्रोटॉनच्या हजाराव्या भागाएवढा! अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा टिपल्या. हे सारे त्याने एका दमात सांगितले आणि वर म्हणाला, "म्हणून ही जागा शांत पाहिजे, जरा हादरा बसला तरी यंत्राला कळतं." तेव्हा मागे पताका चिकटवणारी एक आजी म्हणाली, "मंग जयंतीचा डीजे कुठं लावायचा रे?" विहार हसला. पोरगाही हसला, पण हिशोब करून म्हणाला, "आपल्या गावातला नाही ऐकू जायचा बहुतेक."

त्याची अडचण कृष्णविवराची नाही, कागदाची आहे. पुढे राखीव जागेवर व्यावसायिक शिक्षणाला जायचे म्हटले तर जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा विचारला जातो. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. ज्या आजोबाने शाळेचा उंबरठा पाहिला नाही त्याचा शाळेचा दाखला नातवाने कुठून आणावा? एका कार्यालयात त्याला तीनदा परत पाठवले. चौथ्यांदा तो चुलत आजोबांच्या नावाचा जुना कागद घेऊन जाणार आहे. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या पेटीत आणि पेटीची किल्ली आईच्या कमरेला.

दुसरा मुलगा कमी बोलतो आणि जास्त पळतो. पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर धावावे लागते. पहाटे चारला उठून कालव्याकाठच्या रस्त्यावर त्याची धाव सुरू होते. छाती भरते, गोळाही जातो, पण उंची १६५ सेंटिमीटर लागते आणि हा अर्धा सेंटिमीटर कमी पडतो. रोज संध्याकाळी तो लिंबाच्या फांदीला लोंबकळतो. फांदीला आता त्याच्या हाताचे ठसे पडले आहेत. वस्तीतली लहान पोरे त्याची उंची दाराच्या चौकटीवर खडूने मोजतात आणि प्रेमापोटी रेघ थोडी वरच काढतात, असे त्याच्या बहिणीने आम्हाला हळूच सांगितले.

एक मुलगी कला शाखेची. तिला वकील व्हायचे आहे. आम्ही तिला प्रश्न विचारायला बसलो आणि तासभर तीच आम्हाला विचारत राहिली. साप्ताहिक कोण छापतं, कागद कुठून येतो, महिलांचं पान पुरुष का लिहितात? शेवटच्या प्रश्नाला आमच्याकडे धड उत्तर नव्हते. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंदाचे नाव मिळाले. उत्तरे देणारा भिक्खू नागसेन, पण नाव प्रश्न विचारणाऱ्या राजाचे, आणि परिसराला नागसेनवन. हे आम्ही तिला सांगितले तर ती म्हणाली, "मग मला तिथंच जायचंय." तिला समजावले की हिंगोली जिल्हा आता नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाखाली येतो, ते १७ सप्टेंबर १९९४ रोजी सुरू झाले. त्याच वर्षी १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले होते. विधिमंडळाचा ठराव १९७८ चा, नाव लागले १९९४ ला. सोळा वर्षे. तिने बोटांवर मोजले आणि म्हणाली, "म्हणजे माझ्या सबंध शाळेपेक्षा चार वर्षं जास्त." तिथे बसलेल्या दोन वडीलधाऱ्यांनी माना खाली घातल्या. त्या वर्षांत काय सोसले ते त्यांना माहीत होते.

चौथ्या मुलाचे आईवडील ऊसतोडीला गेले होते. त्याने धाकट्या दोघांच्या भाकरी थापून परीक्षा दिली. इंग्रजीचा पेपर बरा गेला नाही. "नापास झालो तर जुलैत पुन्हा बसतो, नाहीतर आयटीआयला वायरमन," असे तो सरळ बोलला. आम्हाला त्याचे कौतुक वाटले, पण तोंडावर केले नाही. त्याला ते आवडले नसते. त्याने आमच्यासाठी चहा केला, तो मात्र फार गोड होता.

आणि पाचवी. तिचे हात पिवळे होते. हळद काढणे, शिजवणे, वाळवणे हे काम इथे याच दिवसांत चालते आणि पेपर संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती आईबरोबर रोजाने जात होती. तिला नर्स व्हायचे आहे. धाकट्या भावाच्या वेळी आई अडली होती, तेव्हा हिंगोलीच्या दवाखान्यात एका सिस्टरने रात्रभर आईचा हात धरला होता. ही तेव्हा सहा वर्षांची, बाकड्याखाली झोपलेली. तेवढेच तिच्या डोक्यात बसले आहे. पण परभणीकडचे एक स्थळ आले आहे. मुलगा कमावता, माणसे बरी, देणेघेणे नाही. बाप वाईट नाही. त्याच्या मागे आणखी दोन मुली आहेत. आत्या म्हणाली, "आता हळद लागायचीच लेकराला." त्यावर ही मुलगी मान वर न करता बोलली, "हळद काढायला जाते ना मी. लावून घ्यायची नाही इतक्यात." घरात कुणी बोलेना. मग आजीच म्हणाली, "पोरगी म्हणती तर वर्षभर थांबवा."

बापाने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही.

रात्री विहारात मुक्काम केला. १९०७ साली भिवा मॅट्रिक झाला तेव्हा सत्कार झाला आणि केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्याला भेट दिले, हा प्रसंग वाचकांना पाठ आहे. आम्हीही पाच पुस्तके नेली होती. वकील होणारीने लगेच अदलाबदल केली. तिला दुसऱ्याचे हवे होते.

सकाळच्या गाडीला आजी आणि ती हळदवाली नात आमच्याबरोबर निघाल्या. औंढ्याला नर्सिंगच्या फॉर्मची चौकशी करायची होती. शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो. त्यानंतर बायकांचे अर्धे तिकीट, आणि तेही रोज काढायचे म्हणजे हळदीच्या रोजातूनच. तिने पिवळ्या बोटांनी पास पुढे केला. कंडक्टर ओळखीचा निघाला. म्हणाला, "परीक्षा संपली ना गं तुझी?"

"परीक्षा संपली," ती म्हणाली, "तारीख नाही संपली. चार दिवस हायेत अजून."

कंडक्टरने पास नीट पाहिला, परत दिला आणि आजीचे तिकीट फाडायला वळला.