वर तोंड केलेला बाण

लिलावात घेतलेला शक्तिमान ट्रक ट्रेलरवर चढवून जबलपूरहून निघालो. सिवनी मागे पडलं, आता सागवानाचं जंगल. चहाला थांबलो की आधी साखळ्या तपासतो, मग नकळत बंपरवरून हात फिरवतो.

जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून हे ट्रक जबलपुरातच बनू लागले. म्हणजे याला मी माहेराहून घेऊन चाललोय. पासष्ट आणि एकाहत्तरच्या युद्धांत याची भावंडं राबली. हा कुठे कुठे गेला, ते कागदपत्रांत नाही.

लष्करी क्रमांकावर रंग फासलाय. तरी तिरप्या उन्हात सुरुवातीचा वर तोंड केलेला बाण उमटून दिसतो, त्यापुढे वर्षाचे दोन आकडे. फाळक्याची कड बुटांनी घासून गुळगुळीत झालीय. किती जवान इथून चढले असतील, आणि कोणत्या घाटात?

हा हिरवा रंग कायद्यानं फक्त सेनादलांच्या वाहनांचा. नोंदणीआधी तो उतरवावा लागेल, आणि ते योग्यच आहे. तरीही जीव हळहळतो. मालक मी झालोय, पण मनात भावना राखणदाराची आहे. नवा रंग कोणता द्यायचा, अजून ठरत नाही.