मुलींचा तळ

‘शिबिर’ या संस्कृत शब्दाचा जुना अर्थ सैन्याचा किंवा राजाचा तळ असा आहे, आणि मराठीत तो शाळेच्या उन्हाळी सुट्टीशी जोडला गेल्यानंतरही त्याच्या जुन्या अर्थाच्या खुणा पुसल्या गेलेल्या नाहीत. पहाटेची शिट्टी, रांग, पाळीने येणारी कामे, घरापासूनचे अंतर आणि ठरल्या दिवशी तळ उठणार ही आधीपासूनची जाणीव या साऱ्या गोष्टी आजच्या शिबिरातही तशाच आहेत. त्याच्याशेजारी येऊन बसलेला ‘संस्कार’ हा शब्द मात्र बराच फिरून आलेला आहे. एखाद्या वस्तूला घासून-पुसून उपयोगायोग्य करणे हा त्याचा मूळ अर्थ, मग जन्मापासून अंत्यविधीपर्यंतचे धर्मविधी, आणि त्यानंतर चांगल्या वळणाची शिकवण. ‘बालसंस्कार शिबिर’ या तीन शब्दांत म्हणूनच एक अपेक्षा दडलेली असते : मूल काही दिवस घरातून उचलावे, घासावे आणि उजळून परत द्यावे. ते मूल मुलगी असेल तेव्हा ही अपेक्षा अधिक जड होते, कारण मुलीच्या वळणाची काळजी तिच्या जन्मघराइतकीच ज्या घरात ती पुढे जाणार त्या घरासाठीही केली जात आली आहे.

मुलींनी घराबाहेर एकत्र राहावे, खेळावे आणि त्यातून नीती शिकावी, या कल्पनेचे एक सुस्पष्ट रूप अमेरिकेतील मॉर्मन समाजात दिसते. ‘मॉर्मन’ हे नाव 1830 मध्ये जोसेफ स्मिथ यांनी न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेल्या ख्रिस्ती पंथाच्या अनुयायांना त्यांच्या ‘बुक ऑफ मॉर्मन’ या धर्मग्रंथावरून मिळाले. छळामुळे पश्चिमेकडे सरकत गेलेला हा समाज 1847 पासून यूटाच्या कोरड्या खोऱ्यात स्थिरावला. तेथे 1869 मध्ये ब्रिगहॅम यंग या धर्मप्रमुखांनी आपल्या मुलींना एकत्र करून साधे राहणे, डामडौल टाळणे आणि मनाची मशागत करणे यासाठी एक मंडळ सुरू केले, आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून त्या मंडळाच्या वारसांनी मुलींना उन्हाळ्यात डोंगरात नेण्यास प्रारंभ केला. साधारण बारा ते अठरा वर्षांच्या मुली तंबूत राहतात, डोंगर चढतात, प्रथमोपचार शिकतात, चुलीवर रांधतात आणि रात्री छोटी नाटुकली बसवतात. शेवटच्या रात्री शेकोटीभोवती ‘साक्ष’ देण्याची सभा होते, म्हणजे ज्या मुलीला वाटेल ती उठून आपल्या श्रद्धेविषयी आणि त्या दिवसांत मनात जे हलले त्याविषयी सर्वांसमोर बोलते. चहा, कॉफी, मद्य आणि तंबाखू वर्ज्य मानणाऱ्या या पंथाचे नियम शिबिरातही सुटत नाहीत, परंतु विशेष लक्षात घ्यावी अशी बाब वेगळीच आहे. शिबिराचा बराचसा भार मोठ्या मुलींवर सोपवलेला असतो. सोळा-सतरा वर्षांची मुलगी बारा वर्षांच्या मुलीची झोपण्याची जागा, तिचे पाणी, तिचे रडणे आणि तिची चढण यांची जबाबदारी घेते, आणि प्रौढ स्त्रिया शक्य तितक्या मागे राहतात.

याच समाजात तरुण मुलामुलींना दोन-चार दिवस हातगाड्या ओढत चालवण्याची रीत आहे. 1856 पासून पुढची काही वर्षे बैल-घोडे घेण्याची ऐपत नसलेले मॉर्मन कुटुंबकबिले हातगाड्यांवर संसार लादून शेकडो मैल चालले आणि त्यांतील अनेकजण बर्फात मेले, त्यांची ही आठवण असते. पूर्वजांचे चालणे पायांनी पुन्हा वाचण्याची ही रीत मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही, कारण आषाढी वारीसाठी आळंदीहून निघालेल्या दिंडीतही हेच घडते. फरक इतकाच की दिंडीत आठवण एका संकटाची नसून पिढ्यानपिढ्यांच्या चालण्याची असते. दिंडीच्या मुक्कामालाही ‘तळ’ असेच म्हणतात. म्हणजे घोडदळाचा तळ, पालखीचा तळ आणि मुलींचा तळ हे तिन्ही मराठीत एकाच शब्दाच्या सावलीत उभे आहेत.

आंबेगाव तालुक्यातील शिनोली हे घोडेगावाहून डिंभ्याकडे आणि पुढे भीमाशंकराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, घोड नदीच्या खोऱ्यातील गाव आहे, आणि मुलींच्या तळाचा विचार येथे आणून ठेवला की त्याला एकदम मातीचा स्पर्श होतो. पूर्वेकडे मंचरच्या बाजूला कालव्याच्या पाण्यावरची बागायत, पश्चिमेकडे सह्याद्रीचा उतार, महादेव कोळी आणि ठाकर वस्त्या, आणि मध्ये डिंभे धरणाचा जलाशय, ज्याला याच तालुक्यातील महाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिले आहे. ज्या आंबेगावाने तालुक्याला नाव दिले ते गावच या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो आणि आदिवासी आश्रमशाळांवर देखरेख करणारे प्रकल्प कार्यालयही तेथेच आहे. आश्रमशाळा म्हणजे डोंगरातील मुलामुलींसाठीची निवासी शाळा. अशा शाळेत राहणाऱ्या मुलीला शिबिराची शिट्टी, रांग आणि सतरंजी यांचे नावीन्य मुळीच नसते, कारण ती वर्षाचे अनेक महिने तळावरच राहते. तिच्या दृष्टीने सुट्टी म्हणजे घरी जाणे.

आणि घरी सुट्टी नसते. उन्हाळ्याच्या महिन्यांत पश्चिमेकडील वाड्या-वस्त्यांत बाळहिरडा गोळा करण्याचे दिवस येतात. बाळहिरडा म्हणजे औषधी हिरड्याचे कोवळे फळ, जे वाळवून विकल्यावर अनेक घरांना रोख पैसा मिळतो. करवंदे आणि जांभळे पानांच्या द्रोणांत भरून रस्त्यावर विकायची असतात, भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा असतो, म्हणजे पालापाचोळा व शेण पसरून जमीन भाजून काढायची असते, विहिरीचे पाणी खाली गेलेले असते आणि घरातील धाकटी भावंडे मोठ्या मुलीच्या कमरेवर असतात. ‘मौज’ हा शब्द ज्यांना सुट्टी आहे त्यांच्यासाठी सोपा असतो. बारा ते अठरा हे वय स्वतंत्र मानण्याची सोयसुद्धा मुलींना फार उशिरा मिळाली : 1929 च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरवले आणि 1978 च्या दुरुस्तीने ते अठरा झाले. त्याआधीच्या पिढ्यांत या वयाची मुलगी सासरी नांदत असे. भोंडल्याच्या गाण्यांत, म्हणजे आश्विनात हत्तीच्या चित्राभोवती फेर धरून मुली म्हणतात त्या गाण्यांत, सासू, नणंद, माहेरची वाट आणि न मिळणारी परवानगी इतकी का भरलेली आहे याचे उत्तर येथेच आहे. ती गाणी ज्यांच्या मनाची होती त्या खेळत्या वयात सुना झालेल्या होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी ग्रामीण स्त्रियांकडून जमवलेल्या, लाखावर भरणाऱ्या जात्यावरच्या ओव्यांतही हाच आवाज ऐकू येतो. दळण हे काम, ओवी ही मौज आणि दोन्हींमधून झिरपणारे शहाणपण, असे तीन पदर त्यात वेगळे काढता येत नाहीत. त्या बायकांना कोणी शिबिराला नेले नाही, तरी पहाटेच्या अंधारात दोघींनी एक खुंटा धरून बसणे हा त्यांचा तळच होता.

खेळातच नीती कशी वसते हे फुगडीइतके स्वच्छ दुसऱ्या कशातही दिसत नाही. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, हातांची अढी घालतात, पायांचे चवडे जवळ आणतात, पाठीमागे भार टाकतात आणि गरगरा फिरतात. येथे प्रत्येकीचे उभे राहणे दुसरीच्या पकडीवर अवलंबून असते. एकीने हात सोडला की दोघी पडतात, आणि एक भार टाकायला भ्याली की फुगडी रंगतच नाही. विश्वास, धाडस आणि जबाबदारी यांवर तासभर व्याख्यान देऊन जे सांगता येणार नाही ते फुगडी अर्ध्या मिनिटात अंगात उतरवते. वारीत म्हणूनच फुगडीला स्थान आहे. तेथे वय, प्रतिष्ठा आणि ओळख बाजूला ठेवून माणसे हात धरतात आणि खेळ संपला की एकमेकांच्या पाया पडतात. सुट्टीत गावोगावी भरणाऱ्या वारकरी बालशिबिरांत हरिपाठ, टाळ, पखवाज आणि पावली, म्हणजे टाळाच्या ठेक्यावर पडणारी ठरावीक पावले, शिकवली जातात, आणि पावलीची रांग चुकू नये म्हणून शेजारणीकडे पाहण्याची जी सवय मुलीला लागते तिचे मोल पाठांतराहून कमी नाही.

शहरी आणि राष्ट्रीय धाटणीच्या शिबिरांचा इतिहास याला समांतर चालतो. 1909 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे बालवीरांचा मेळावा भरला तेव्हा न बोलावता आलेल्या मुलींनी आपल्यालाही घ्या असा आग्रह धरला, आणि त्या आग्रहातून पुढल्या वर्षी गर्ल गाईड चळवळ जन्मली. 1911 मध्ये ती जबलपूरला पोहोचली, आणि 1966 मध्ये तिचे ‘संगम’ हे जागतिक केंद्र पुण्यात उभे राहिले, जेथे देशोदेशीच्या मुली आजही मुक्कामाला येतात. मुली शिबिरात नेल्या गेल्या नाहीत, त्या चालत आल्या, हा या इतिहासातील सर्वांत आनंदाचा भाग आहे. महाराष्ट्रात 1941 साली एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली नव्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाने मुलामुलींना एकाच मैदानावर आणले, त्यांच्या हातात कुदळी दिल्या आणि कलापथकातून मुलींना रंगमंचावर उभे केले. त्याआधी 1936 मध्ये लक्ष्मीबाई केळकर यांनी वर्ध्यात स्थापलेल्या राष्ट्र सेविका समितीने निराळ्या विचारसरणीतून पण केवळ स्त्रियांसाठी वर्ग आणि शिबिरे चालवली. दोहोंचे राजकारण परस्परांपासून फार दूरचे आहे, पण शिबिराची शब्दसंपदा आश्चर्यकारकरीत्या सारखी राहिली : प्रार्थना, श्रमदान, समूहगीत, खेळ, शेकोटी आणि ‘बौद्धिक’, म्हणजे मोठ्या माणसाने बसवून सांगितलेला विचार.

मुलींच्या शिबिराची खरी कसोटी बौद्धिकाच्या वेळी लागते. तेथे मुलीला बहुतेक वेळा आवरण्याचे धडे मिळतात : आवाज आवरावा, हसणे आवरावे, कपडे जपावेत, पाऊल जपून टाकावे, घराची अब्रू सांभाळावी. त्याच दिवशी सकाळी तिला कडा चढायला, दोर बांधायला, दहाजणींसाठी भात शिजवायला आणि चुकलेल्या मैत्रिणीला हाक मारायला सांगितलेले असते, म्हणजे शरीराला मोकळे होण्याचा आणि मनाला आकसण्याचा असे दोन धडे एकाच दिवसात दिले जातात. मॉर्मन शिबिरही या विसंगतीतून सुटलेले नाही; मर्यादाशील वेश आणि शुद्धता यांवरचा भर तेथेही आहे. मुलीच्या सचोटीविषयी, धैर्याविषयी, दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहण्याविषयी बोलण्याऐवजी केवळ तिच्या देहाच्या पहाऱ्याविषयी बोलणारी शिकवण नीतीचा फार छोटा तुकडा उचलते, आणि तोच सर्वस्व म्हणून तिच्या हाती देते. शेवटच्या रात्रीची साक्ष त्यामुळे मोलाची ठरते, कारण तेथे निदान काही क्षण मोठी माणसे गप्प बसतात आणि मुलगी बोलते.

तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे काम केले त्यातील ‘कुरणशाळा’ ही कल्पना घोड खोऱ्यासाठी आजही उपयोगी आहे. गुरे राखायला जाणारे मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळाच गुरांमागे कुरणात न्यावी, हे त्यामागील सूत्र. शिनोलीच्या परिसरात मुलींचा तळ पडायचा असेल तर तो हिरड्याच्या मोसमाला टाळून नव्हे, त्याच्यासोबत पडला पाहिजे. हिरडा वेचणारी मुलगी वजनकाट्यापाशी उभी राहून भाव विचारते तेव्हा तेथे गणित आणि न्याय दोन्ही असतात. कोणते झाड कोवळे आहे, कोणत्या फांदीला हात लावायचा नाही, शेकरूचे, म्हणजे भीमाशंकराच्या रानातील मोठ्या तांबूस खारीचे, घरटे कोठे आहे, हे ती जाणत असते, आणि बागायती गावाकडून आलेल्या तिच्या वयाच्या मुलीला ते ती शिकवू शकते. त्या दुसऱ्या मुलीजवळ सायकल असेल, पोहणे असेल, एखादे गाणे असेल. पुण्याच्या वर्गात शेजारी बसण्याची शक्यता कमी असलेल्या या दोघी एका ताटातल्या भाकरीवर आणि एका फुगडीत भेटू शकतात, आणि तेथे कोण कोणावर संस्कार करतो आहे हे सांगणे कठीण होईल.

मे महिना सरत आला की भीमाशंकराच्या वाटेवरील झाडांवर काजवे उतरू लागतात. सगळे झाड एका लयीत उजळते आणि विझते. शेकोटीला पाणी घातलेले असते, निखाऱ्यांची राख ओली झालेली असते, आणि सतरंज्यांवर पडलेल्या धाकट्या मुली वर पाहत कुजबुजत असतात. त्यांच्यामधून सतरा वर्षांची एक मुलगी अनवाणी हळूच फिरते आणि काजव्यांच्या उजेडात पुन्हा एकदा सगळ्यांची डोकी मोजते.