पेढी आणि जगाचे राजकारण

मुलीने पदवीसाठी आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय निवडला, की व्यापारी घरात पहिला प्रश्न उठतो, ‘याचा पेढीला उपयोग काय?’ प्रश्न अनाठायी नाही. पिढ्यांची पुंजी आणि मुलीची उमेदीची वर्षे, दोन्ही त्यात गुंतलेली असतात.

उत्तर मुंबईच्याच इतिहासात आहे. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. 1865 मध्ये युद्ध संपले. भाव कोसळले, बँका बुडाल्या. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे धुरंधर जैन व्यापारीही त्या तडाख्यातून सुटले नाहीत. त्यांच्या देणगीतून उभारलेला, त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर मुंबई विद्यापीठात आजही उभा आहे.

या विद्येच्या जन्मामागेही व्यापारी धनच आहे. 1919 मध्ये वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे आंतरराष्ट्रीय राजकारणाचे पहिले अध्यासन स्थापन झाले. महायुद्धात पडलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ ते देणारे डेव्हिड डेव्हिस कोळसा व रेल्वे यांत संपन्न झालेल्या घराण्यातले होते.

तह, निर्बंध, जकात, सागरी मार्ग यांचा अभ्यास वर्गात होतो. त्यांचा परिणाम वहीखात्यात उमटतो. ही विद्या उद्याचा भाव सांगत नाही, पण तो कशाने हलतो हे शोधायला शिकवते. मुलगी उद्या गादीवर बसो वा परराष्ट्र सेवेत जावो, ही दृष्टी तिच्यासोबत राहील. म्हणून नकार देण्यापूर्वी घरच्यांनी तिचे म्हणणे एकदा शांतपणे ऐकून घ्यावे.