चौसष्ट मिलिसेकंदांची उजळणी

आमच्या घराण्याची बखर कोणी लिहिली नाही. जे टिकले ते आजीने पुन्हा पुन्हा सांगितल्यामुळे. म्हणूनच की काय, संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीचे कार्य वाचताना इतिहासाचा शिक्षक असूनही मी त्यात गुंतलो.

आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली एक ट्रान्झिस्टर आणि एक सूक्ष्म धारित्र एवढ्यावर एक बिट साठविण्याची कल्पना सुचली. १९६८ साली तिला पेटंट मिळाले. धारित्रात विद्युतभार आहे की नाही, यावरून एक वा शून्य ठरते. मात्र हा भार वीज चालू असतानाही झिरपत राहतो. म्हणून डीडीआर-४ चिपमधील प्रत्येक ओळ सामान्यतः ६४ मिलिसेकंदांच्या आत वाचून पुन्हा लिहावी लागते. सारे एकदम केले तर संगणक खोळंबेल. त्यामुळे या कामाचे ८१९२ भाग पाडून सुमारे दर ७.८ मायक्रोसेकंदांनी एकेक आज्ञा दिली जाते. चिपचे तापमान ८५ अंश सेल्सिअसपलीकडे गेले की गळती वाढते आणि हाच क्रम दुप्पट वेगाने चालवावा लागतो. (आमच्या वर्गांतला एप्रिल अजून तिथवर पोहोचलेला नाही!)

मला अस्वस्थ केले ते निराळ्याच गोष्टीने. उजळणीला खरेखोटे कळत नाही. ती येण्यापूर्वीच भार ओळखण्यापलीकडे ओसरला असेल, तर चुकीचे मूल्यच ती तितक्याच निष्ठेने पुन्हा कोरते. यासाठी सर्व्हरच्या स्मृतीत साधारणतः दर ६४ बिटांमागे ८ जादा बिट पडताळणीकरिता राखलेले असतात. साध्या संगणकांत ही सोय बहुधा नसते.