काय करायचं राहिलं

पत्नीला टीबी नव्हताच, हे पुण्यातल्या बायॉप्सीनं कळलं, तोवर तिनं कित्येक महिने टीबीच्या गोळ्या घेतल्या होत्या. आजार निघाला सार्कॉइडोसिस. एक्स-रेवर तो टीबीसारखाच दिसू शकतो, असंही तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. मला त्यातलं फक्त ‘नव्हताच’ ऐकू आलं. गोळ्यांनी तिच्या यकृताला सूज आली होती, डोळे पिवळे पडले होते, आणि आमच्या गावातल्या डॉक्टरांनी तिच्या मळमळीवर पित्ताची गोळी लिहून दिली होती.

परतलो तो थेट त्यांच्या दवाखान्यात. भरल्या ओपीडीत आवाज चढवला, एक्स-रेची फिल्म टेबलावर आपटली आणि तशीच टाकून आलो. ती पुन्हा हाती आली नाही. रात्री व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर डॉक्टरांच्या नावापुढे ‘खुनी’ लिहिलं. बायको शेजारच्या खोलीत पेज पीत होती आणि मी खुनी लिहीत होतो! यथावकाश अब्रुनुकसानीची नोटीस आली. या प्रकरणातला पहिला कायदेशीर कागद असा त्यांनी मला पाठवला.

मग पोलीस ठाणं. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्येच सांगून ठेवलंय, की डॉक्टरवर फौजदारी गुन्हा लावायचा तर निष्काळजीपणा घोर असावा लागतो, आणि त्याआधी पोलिसांनी दुसऱ्या तज्ज्ञाचं, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. फौजदार हेच समजावत होते. ते डॉक्टरांना सामील आहेत, असं मी चारचौघांत बोलून आलो. पुढे महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली, तीही भरपाईच्या आशेनं. परिषद डॉक्टरला ताकीद देते, काही काळ नोंदणीतून नावही काढते. पण रुग्णाला पैसे देववणं तिच्या हातात नाही. या सगळ्यात वेळ गेला, आणि ग्राहक आयोगात जायची मुदत दोनच वर्षांची असते.

वकीलबाईंनी आधी तारीख विचारली, मग कागद. कागद अर्धेच होते. बाकीचे मी तोंडी मागितले होते, तेही भांडत. २००२च्या नियमांनुसार रुग्णानं मागणी केली की ७२ तासांत कागद द्यावे लागतात. पण लेखी अर्ज आणि त्याची पोच नसेल तर मागितले होते हे सिद्ध कशानं करणार? माझी तक्रार वाचून त्या म्हणाल्या, “गुरुजी, निदान चुकलं हे दहा वेळा लिहिलंत. चुकणं हा गुन्हा नाही. त्यांनी काय करायचं राहिलं, ते लिहा.”

त्या दृष्टीनं मी कधी पाहिलंच नव्हतं. थुंकी एकदाही तपासली नव्हती. उलट्या होत असताना यकृताची रक्ततपासणी केली नव्हती. साधारण काळजी घेणाऱ्या डॉक्टरनं या गोष्टी केल्या असत्या. आमचा सगळा दावा त्यावर उभा राहणार होता. त्यांनी मला किशन राव यांच्या खटल्याचा २०१०चा निकाल वाचायला दिला. मलेरियाच्या रुग्णावर टायफॉइडचे उपचार झाले होते. सर्वोच्च न्यायालयानं दोन लाखांची भरपाई पुन्हा बहाल केली आणि प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाची साक्ष लागतेच असं नाही, असंही म्हटलं.

तक्रार नव्यानं लिहिली. ‘दरोडेखोर’, ‘कसाई’ वगैरे सगळं गेलं. निम्मी पानं उरली. उशीर माफ करण्याचा वेगळा अर्ज जोडावा लागला, आणि परिषदेकडे गेलेला वेळ हे त्याचं कारण आयोगानं कसंबसं मान्य केलं. २०१९च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. आपण उपचारासाठी दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्कही नाही.

निकाल अर्धा आमच्या बाजूनं लागला. सार्कॉइडोसिस ओळखता न येणं हा निष्काळजीपणा नाही, असं आयोगानं म्हटलं. मला ते आता पटतं. यकृताची तपासणी न करणं हा मात्र ठरला. सुरुवातीच्या एक्स-रेबद्दलचा आमचा मुद्दा फिल्मच नसल्यानं पडला. डॉक्टर राज्य आयोगात अपिलात गेलेत, त्यासाठी त्यांना भरपाईची निम्मी रक्कम आधी भरावी लागली. तिथल्या तारखांना पत्नी एकटीच जाते. मी घरी थांबावं, अशी तिची आणि वकीलबाईंची दोघींची अट आहे.