दुकान वाढवताना



'आपल्या कामातला एखादा अनुभव मुलांसाठी लिहा' असे संपादक मंडळाने कळवले. वडोदऱ्यात दांडिया बाजारच्या बाजूला आमचे किराणा मालाचे छोटे दुकान आहे. त्यातला एक अनुभव संगणक शिकणाऱ्या आणि कॉमर्सला जाणाऱ्या मुलांच्या उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून लिहीत आहे.

दुकान 'बंद केले' असे आपण म्हणत नाही, 'वाढवले' म्हणतो. आमच्या मामंजींच्या लेखी दुकान वाढवणे म्हणजे नुसते शटर ओढणे नव्हते. सकाळची शिल्लक, त्यात दिवसाची विक्री मिळवायची, खर्च वजा करायचा आणि उरलेला आकडा गल्ल्यातल्या रोकडीशी जुळवायचा. हा रोजमेळ जुळेपर्यंत कोणी घरी जायचे नाही.

आता हे काम बिलिंगचा प्रोग्राम करतो. त्याला बारकोड स्कॅनर, पावतीचा प्रिंटर आणि इलेक्ट्रॉनिक वजनकाटा जोडलेला आहे. रात्री 'दिवस बंद' हे बटण दाबले की हिशेब निघतो आणि प्रोग्राम मिटतो. निदान मिटायला हवा. आमच्याकडे काही रात्री पडद्यावरून तो जाई, पण आतून चालूच राही. पुन्हा उघडायला गेले की 'प्रोग्राम आधीच सुरू आहे' असा संदेश येई. कंपनीला फोन केला तर एकच उत्तर मिळे : 'टास्क मॅनेजर उघडा, एंड टास्क करा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.' सांगितल्याप्रमाणे आम्ही करत होतो.

पण अशा रात्रीनंतर सकाळी रोकड कमी भरू लागली. एकदा ६४० रुपये, दुसऱ्यांदा १,१२५ रुपये. काउंटरवर आपल्याच शाळेची एक माजी विद्यार्थिनी बसते. कॉलेज सकाळचे, दुपारनंतर दुकान. घरची परिस्थिती बेताची. आमच्याकडे जुना नियम असा की गल्ल्यात तूट आली तर काउंटरवाल्याच्या पगारातून कापायची. भाऊजी म्हणाले, "वहिनी, नियम तो नियम. दोनदा झालं, आता कापायलाच हवं." ती मुलगी एवढेच म्हणाली, "काकू, पैसे कापा हवे तर, पण मी घेतले नाहीत हे लिहून ठेवा." मी भाऊजींकडे महिनाअखेरपर्यंत मुदत मागितली.

गल्ल्याचे यंत्र मुळात संशयातूनच जन्माला आले आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी जेम्स रिटी नावाचे गृहस्थ पेयगृह चालवत. नोकर पैसे खिशात घालतात म्हणून त्यांनी १८७९ साली रोकड नोंदवणारे यंत्र बनवले आणि त्याचे पेटंटही मिळवले. तेव्हापासून यंत्राचा आकडा खरा आणि माणूस खोटा, असे आपण सहज धरून चालतो. मला आधी यंत्राचीच तपासणी करायची होती.

दोनशे पानी वही घेतली आणि रोज रात्री लिहू लागले : किती वाजता 'दिवस बंद' केला, त्या वेळी काय काय चालू होते, प्रोग्राम नीट मिटला की अडकला. अडकला तर लगेच एंड टास्क न करता दहा मिनिटे थांबायचे. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा हलत असेल तर तो काही लिहितो आहे, हलत नसेल तर कशाची तरी वाट पाहतो आहे. आमचा हलत नव्हता.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलली. एके दिवशी फक्त स्कॅनर काढला, दुसऱ्या दिवशी फक्त प्रिंटर बंद ठेवला. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही. फरक काहीच पडला नाही. शेवटी वहीची पाने शेजारी ठेवून पाहिली. प्रोग्राम अडकला त्या प्रत्येक रात्री वजनकाटा आधीच बंद केलेला होता, कारण त्या दिवशी तो पुसायची पाळी होती. मुद्दाम दोन दिवस काटा आधी बंद केला, दोन्ही दिवस अडकला. दोन दिवस चालू ठेवला, दोन्ही दिवस मिटला.

कारण असे होते. प्रोग्रामचा एक भाग सतत काट्याला वजन विचारत असतो. काटाच बंद असेल तर उत्तर कुठून येणार? किती वेळ वाट पाहून सोडून द्यायचे, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठरवलेच नव्हते. म्हणून तो भाग वाट पाहत बसे, आणि एक भाग जागा असेपर्यंत सगळा प्रोग्राम मिटत नसे.

आता तूट. त्या दोन दिवसांची बिले मी बँकेच्या नोंदींशी एकेक करून ताडून पाहिली. यूपीआयने भरलेली काही बिले आमच्या हिशेबात 'रोख' म्हणून दिसत होती. त्यांची बेरीज पहिल्या दिवशी बरोबर ६४०, दुसऱ्या दिवशी १,१२५! प्रोग्राम प्रत्येक बिल आधी रोख म्हणून लिहायचा आणि पैसे कसे आले ते मागाहून, मिटताना लिहायचा. एंड टास्क केले की ते मागाहूनचे लिहिणे राहूनच जायचे. पैसे बँकेत सुखरूप होते आणि हिशेब ते गल्ल्यात शोधत होता.

कॉमर्सच्या मुलांना जमा आणि नावे ठाऊक आहेत. एक बाजू लिहून दुसरी ठेवली तर ती नोंदच नव्हे. संगणकातही हाच नियम पाळावा लागतो. एका व्यवहाराच्या सगळ्या नोंदी एकदम व्हाव्यात, नाहीतर एकही होऊ नये. त्याला 'ट्रॅन्झॅक्शन' म्हणतात. चांगल्या डेटाबेसमध्ये ही सोय असते, पण प्रोग्राम लिहिणाऱ्याने ती वापरायला हवी. पुढे प्रोग्राम लिहिणार असाल तर हे जरूर लक्षात ठेवा.

वहीच्या पानांच्या प्रती कंपनीला पाठवल्या. त्यानंतर मात्र 'रीस्टार्ट करा' असे उत्तर आले नाही. काही आठवड्यांनी सुधारलेला प्रोग्राम आला. आता काट्याने उत्तर दिले नाही तर तो थोडे थांबून पुढे जातो आणि पैसे कसे आले ते बिलाबरोबरच लिहितो.

तरीही आम्ही काउंटरवर एक कागद चिकटवला आहे : आधी 'दिवस बंद', मग प्रोग्राम, मग काटा व प्रिंटर, मग कॉम्प्युटर, शेवटी मेन स्विच. प्रोग्राम अडकला तर दहा मिनिटे थांबायचे आणि वहीत लिहायचे. एंड टास्क करावेच लागले तर त्या दिवसाची यूपीआयची बिले बँकेशी ताडल्याशिवाय रोजमेळ पक्का करायचा नाही.

त्याच कागदाच्या तळाशी भाऊजींनी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली आहे : 'तूट आली तर पगारातून कापायची नाही, आधी बिले तपासायची.' महिनाअखेरीस त्या मुलीला पूर्ण पगार मिळाला. रोजची वहीही आता तीच लिहिते.