पाव्हणं, कुण्या गावचं?

सोलापुराहून तुळजापूरला निघालेल्या प्रवाशाचे लक्ष तामलवाडीकडे सहसा जात नाही. पोटपूजा सोलापुरात आटोपलेली असते आणि हात जोडायचे असतात ते तुळजापुरात. मधल्या पंचेचाळीस किलोमीटरांपैकी निम्मी वाट सरते, उळे मागे पडते, जिल्हा बदलतो, टोलनाक्यावर गाडी जरा हळू होते आणि आपण पुन्हा मान टेकून डुलकी घेतो. तुळजापूर तालुक्यातले हे गाव असे डुलकीत निघून जाते.

पण कधी सवड काढून इथे उतरावे आणि हमरस्ता सोडून आत शिरावे. चार पावले टाकली नाहीत तोच पारावरून कुणीतरी विचारणार, ‘‘पाव्हणं, कुण्या गावचं? कुणाकडं आलाव?’’ शहरी माणूस या प्रश्नाने थोडा बिचकतो. मुंबईच्या चाळीतसुद्धा हल्ली असे कुणी विचारीत नाही. या प्रश्नात आगतस्वागत आहे, तशीच चौकशीही आहे. उत्तर पटले तर चहा येतो; न पटले तर चार डोळे वेशीपर्यंत सोबत करतात. पोलीस ठाणे, कुलूप आणि कॅमेरा यांच्या फार आधीपासून इकडच्या गावांचा जीव आणि जिनगानी या एका प्रश्नाने राखली आहे.

आणि राखायला कारणही तसेच होते. आज सोलापूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांमधली जी शीव आहे, ती १९४८ पर्यंत दोन राज्यांमधली होती. अलीकडे इंग्रजांचे सोलापूर, पलीकडे निजामाचे उस्मानाबाद. (जिल्ह्याला धाराशिव हे नाव २०२३ मध्ये सरकारी कागदावर आले.) पलीकडे नाणे वेगळे, त्याला हाली सिक्का म्हणत, जकात वेगळी, तिला करोडगिरी म्हणत. सोलापूरच्या बाजारातून चार वस्तू घेऊन परतणारा शेतकरी घरी पोचेपर्यंत परमुलखातून आल्यासारखा तपासला जाई. पुढे रझाकारांच्या दिवसांत या शिवेवरच्या गावांची झोप उडाली. कित्येकांनी बायकामुले आणि गुरे सोलापूरच्या बाजूला हलविली आणि भांडीकुंडी व दागिने जमिनीत पुरले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गावर चालून गेल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. पाच दिवसांत राज्य बदलले, पण परक्या माणसाकडे डोळे बारीक करून पाहण्याची सवय इतक्या लवकर जात नाही.

ही सवय इथल्या जुन्या घरांच्या भिंतींतही दिसते. या मुलखातले जुने घर म्हणजे माळवद. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी सरे, त्यावर मातीचा जाड थर. बाहेरच्या अंगाला खिडकी जवळजवळ नाहीच; असला तर एखादा झरोका. दाराला आतून अडसर. धान्य बळदात किंवा जमिनीखालच्या पेवात. पेव उघडले की आत साचलेला कोंदट वायू निघून जाईपर्यंत थांबावे लागे, म्हणजे चोरालाही घाई करून चालत नसे. उन्हाळ्यात असे घर गार, थंडीत उबदार आणि दरोडेखोराला अवघड. दर पावसाळ्याआधी माळवदावर नवी पांढरी माती पसरायची, म्हणजे गळती थांबते. बाप पसरी, मुलगा पसरी, नातू पसरी. छपर दर पिढीला जड होत गेले.

त्या जडपणाचा हिशेब ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक दमून निजले होते. तीन वाजून छप्पन मिनिटांनी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीची आणि या जिल्ह्यातल्या सास्तूरच्या परिसराची जमीन हादरली. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली आणि त्यांतली बहुतेक स्वतःच्याच घराखाली. चोराला बाहेर ठेवण्यासाठी ज्या भिंती रुंद केल्या, पावसाला बाहेर ठेवण्यासाठी जे छपर जाड केले, त्यांनीच आतल्या माणसाला बाहेर पडू दिले नाही. ज्या ठिकाणी लाकडी खांबांची चौकट भक्कम होती, तिथे भिंती बाहेर कोसळूनही छपर काही ठिकाणी तरले. पुढे किती तरी गावे नव्या जागी वसली: सरळ आखलेले रुंद रस्ते आणि सुटी सुटी घरे. जीव निर्धास्त झाला, पण हाक मारली तर ऐकू जाईल असा शेजार मात्र दूर गेला.

वाचकहो, गावाच्या राखणीची हीच मोठी गंमत, आणि हेच मोठे दुःख आहे. मागचे संकट ज्या बाजूने आले, त्या बाजूला गाव दार लावून बसते आणि पुढचे संकट दुसऱ्याच वाटेने येते.

तामलवाडीत ही दुसरी वाट शोधायला लांब जायला नको. ती गावाला लागूनच गेली आहे. सोलापूर-तुळजापूर-उस्मानाबाद महामार्ग चौपदरी होऊन २०१९ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. ज्या काळ्या जमिनीचे मोल पूर्वी ज्वारीच्या पोत्यांत आणि तुरीच्या पायलीत व्हायचे, ते आता गुंठ्यावर होते. बांधावरची वीतभर जागा पूर्वी भावाभावांत अबोला धरायला पुरत होती. आता ती वकील करायला पुरते. सातबाऱ्यावर नाव कुणाचे, हा प्रश्न घराघरांत तापला. लेकींनाही वडिलार्जित जमिनीत मुलांच्या बरोबरीने हक्क आहे, हे महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि साऱ्या देशाने २००५ मध्ये मान्य केले. पण माहेर तुटू नये म्हणून हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या होणाऱ्या बहिणी आजही गावोगाव भेटतात. ही मालमत्ता कुणी भिंत फोडून नेली नाही, तिची फिर्यादही होत नाही. ओवाळणीच्या ताटात भावाने काय टाकले आणि बहिणीने काय सोडले, याचा मेळ भाऊबिजेला ज्याने त्याने आपल्या मनाशी घालून पाहावा.

रस्त्याने पैसा आला तसे आणखीही काही आले. गावाच्या नावाचे पोलीस ठाणे आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत याच तामलवाडीच्या हद्दीत पोलिसांनी तिघांना मेफेड्रोन या अमली द्रव्याच्या पुड्यांसह पकडले. वजन म्हणाल तर पन्नास ग्रॅमच्या आत, मूठभर शेंगदाण्यांएवढेही नाही. पण तपासाचे धागे एकीकडे मुंबईला आणि दुसरीकडे थेट तुळजापुरात पोचले आणि सारा जिल्हा हादरला. पूर्वीचा दरोडेखोर घरातला दागिना नेई. हा नवा दरोडेखोर घरातला तरुण मुलगा नेतो, आणि त्याला अडसर काढावा लागत नाही. मुलगाच बाहेर येऊन त्याला भेटतो. ‘कुण्या गावचं?’ हा प्रश्न इथे थिटा पडतो, कारण उत्तर देणारा पुष्कळदा आपल्याच गावचा असतो.

मग भय कुणाचे वाटते? अजून परक्याचेच. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या अनेक गावांत रात्री ड्रोन फिरतात, चोर वरून घरे हेरतात, अशी आवई उठली. माणसे काठ्या घेऊन गच्चीवर जागू लागली. मौज अशी, की २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत अशाच ड्रोनने दिवसाढवळ्या गावठाणे मोजली जात होती, घरमालकाला मालकीचा कागद मिळावा म्हणून! दिवसा जे यंत्र मालमत्ता नावावर करून देते, तेच रात्री मालमत्ता लुटायला आले, असे लोकांना वाटले.

ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट मात्र नव्हे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळविणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार केले. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसे होती, त्यांतली बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढे तालुक्यातली. म्हणजे ते तामलवाडीच्या शेजारचेच पाव्हणे! कोण, कुठले, हे नीट कळण्याआधीच त्यांचा निकाल लागला. भटक्यांविषयीचा हा संशय सरकारनेच एके काळी कायद्यात बसविला होता. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. ‘सेटलमेंट’ हे तिचे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. तो कायदा १९५२ मध्ये गेला. मनातले कुंपण काढायला कायदा पुरत नाही.

आणि गावाने राखणीला ठेवले होते तरी कुणाला? वेशीवर येसकर, रात्री जागल्या. साऱ्या गावाची जिनगानी ज्यांच्या भरवशावर निजत असे, त्यांचे स्वतःचे घर मात्र गावकुसाबाहेर. स्वातंत्र्यानंतर वतने गेली, १९६७ च्या कायद्याने आजचा पोलीस पाटील आला. आता एका फोनसरशी गावातल्या शेकडो घंटा वाजविणारी ग्रामसुरक्षा यंत्रणाही आली. चोर दिसला, आग लागली, पूर आला, तर ती मोलाची आहे. पण निरोप खरा की खोटा, हे यंत्राला कळत नाही. ते फोन उचलणाऱ्यानेच ठरवायचे.

ते या गावांना ठरविता येते, याची साक्ष दरवर्षी दिवाळीच्या आधी पंधरा दिवस मिळते. कोजागरीच्या सुमारास सोलापुरातून हजारो माणसे तुळजाभवानीच्या दर्शनाला पायी निघतात. रात्रभर या रस्त्यावर माणसांची रीघ असते. कुणाची जात ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, नाव तर नाहीच. तरी वाटेवर पाणी, चहा, केळी, पाय दुखले तर तेल, असे सारे मांडलेले असते. एरवी एका अनोळखी माणसाकडे निरखून पाहणारा हा मुलूख त्या रात्री हजारो अनोळखी माणसांना वाट करून देतो.

त्याच रात्री लक्ष्मी घरोघर फिरते आणि कोण जागे आहे म्हणून विचारते, असे आपल्याकडे मानतात. जो जागा, त्याच्या घरी ती थांबते. काठी घेऊन गच्चीवर बसलेला माणूसही जागाच असतो आणि वाटसरूच्या पेल्यात पाणी ओतणाराही. लक्ष्मी यांतल्या कुणाकडे थांबत असेल, हे तामलवाडीच्या वाटेवरल्या माणसांना सांगावे लागत नाही.